रविवारी नागरिकत्व चाचणीचा सराव (मेलबर्नमधील सभासदांसाठी)

नमस्कार मंडळी,

ज्यांना चाचणीची तारीख मिळाली आहे, त्यांच्यासाठी येत्या रविवारी दुपारी २ ते ४ नेहमीच्या हॉलमध्ये सराव आहे. शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.

- संगणकावर ४५ मिनिटांत २० प्रश्न, सगळे इंग्रजीत. १५ बरोबर आले की पास. पण ऑस्ट्रेलियन मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबर यायलाच हवेत. त्यातला एक चुकला, तर बाकीचे १९ बरोबर असूनही नापास! त्यामुळे आपला निम्मा वेळ त्यावरच जाईल.
- 'अवर कॉमन बाँड' ही सरकारी पुस्तिका मोफत मिळते. पहिले चार भाग वाचूनच या. विकतचे प्रश्नसंच कशाला?
- साठी पूर्ण झालेल्यांना ही चाचणी नाही. आई-बाबांना उगाच घोकायला बसवू नका.

चहा मंडळाकडून.