नादियाच्या स्टंटांना ‘कॅमेऱ्याची करामत’ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला, 1930-40 च्या दशकांत गाजलेली हिंदी स्टंटपटांची नायिका ‘फिअरलेस नादिया’ हिच्यावरील लेख वाचला. लेखासोबतचा फोटो तिचा नाही, 2017 सालच्या एका हिंदी चित्रपटातल्या नायिकेचा आहे. ती चूक घाईत झाली असेल. पण ‘हे सगळे डमी आणि कॅमेऱ्याची करामत होती’ या एका वाक्यात तिची तीस-बत्तीस वर्षांची मेहनत पुसून टाकली, ते सोडून देता येत नाही.

करामत म्हणजे नेमकी कोणती, हे लेखकाने सांगायला हवे होते. त्या काळच्या स्टंटपटांत सर्रास वापरले जायचे ते अंडरक्रँकिंग, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा नेहमीपेक्षा हळू चालवणे. बोलपटाची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने दाखवली जाते. मारामारीचा किंवा पाठलागाचा तुकडा आवाजाविना 16 फ्रेमने घेतला, तर पडद्यावर हालचाल दीडपट वेगाने होते. ताशी 20 मैलांनी जाणारी गाडी 30 मैलांनी धावताना दिसते. पण यात बदलतो तो फक्त वेग. नादिया आगगाडीच्या ज्या डब्यावर झुंजते त्याच्या टपाची उंची तेवढीच राहते, खाली रूळ तेच असतात, आणि तिने खांद्यावर घेतलेल्या गड्याचे वजन एका शेरानेही कमी होत नाही. उलट माणूस उचलून चालण्याचा शॉट कमी फ्रेमने घेतला तर पावले बाहुलीसारखी टकटक पडतात आणि लबाडी लगेच उघडी होते. असे शॉट सरळ वेगानेच घ्यावे लागतात, म्हणजे वजनही खरोखरच उचलावे लागते.

आता डमी, म्हणजे नटीऐवजी स्टंट करणारी बदली व्यक्ती. ‘हंटरवाली’त (1935) चेहऱ्यावर मुखवटा होता, त्यामुळे शंका घेणाऱ्याला निदान तेवढी फट आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘मिस फ्रंटिअर मेल’मध्ये मात्र आगगाडीच्या टपावरची हाणामारी उघड्या चेहऱ्याने आहे. तिथे डमी उभा करायचा तर कॅमेरा फार लांब न्यावा लागतो किंवा पाठमोरे दाखवून मध्येच कट मारावा लागतो. शिवाय 1930 च्या दशकातल्या मुंबईत सोनेरी केसांची, तशाच उंच आणि भरदार बांध्याची, टपावर झुंजणारी दुसरी बाई आणायची कुठून? केसांचा प्रश्नही तिनेच निकालात काढला होता. नाव ‘नंदादेवी’ करावे आणि काळ्या वेणीचा टोप घालावा, ही वाडिया मूव्हीटोन या तिच्या चित्रपटसंस्थेच्या जे. बी. एच. वाडियांची सूचना तिने साफ नाकारली.

तिच्या चित्रपटांत ट्रिक नव्हतीच, असे माझे म्हणणे नाही. ‘मुकाबला’त (1942) तिची दुहेरी भूमिका होती आणि तिथे बाबुभाई मिस्त्रींची ट्रिक फोटोग्राफी होती. एकाच नटीला एकाच चौकटीत दोनदा दाखवणाऱ्या शॉटची जुनी पद्धत ठरलेली: भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू घ्यायची, फिल्म उलटी गुंडाळून दुसरी बाजू घ्यायची. कॅमेरा केसभर हलला तरी मधली रेघ दिसते, नट रेघ ओलांडून गेला तर त्याचा हात कापल्यासारखा गायब होतो. म्हणून असे शॉट स्थिर असतात. धावत्या गाडीवरच्या झटापटीला हे तंत्र लागू पडत नाही. आणि त्याच वर्षीच्या ‘जंगल प्रिन्सेस’मधले सिंह खरे होते.

ही तयारी कुठून आली, तेही लेखात नाही. तिचा जन्म 8 जानेवारी 1908 रोजी ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, नाव मेरी इव्हान्स, पण मुंबईत आली ती पाचएक वर्षांची असताना. घोडेस्वारी वायव्य सरहद्दीकडे शिकली, मग मादाम अस्त्रोवा या नृत्यशिक्षिकेच्या मंडळीत बॅले, नंतर सर्कस. बॅलेने तोल दिला आणि सर्कशीने पडायचे कसे ते शिकवले असणार. ‘ऑस्ट्रेलियन चित्रपटसृष्टीतून आलेली नटी’ हे लेखातले विधान तर सरळ चूक आहे. ‘हंटरवाली’पासून 1968 च्या ‘खिलाडी’पर्यंत तिची कारकीर्द घडली ती मुंबईच्या स्टुडिओंत. ‘एका चित्रपटापुरती प्रसिद्धी’ म्हणणाऱ्याने मधले ‘डायमंड क्वीन’ (1940) तरी पाहावे. नायिका गुंडांना लोळवते आणि बायकांनी शिकावे, व्यायाम करावा हेही ठणकावून सांगते.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर परळच्या ‘राजकमल कलामंदिर’ या स्टुडिओच्या माहितीची चौकट होती. व्ही. शांताराम यांनी 1942 मध्ये ती जागा घेतली, हे बरोबर आहे. त्याआधी तिथे वाडिया मूव्हीटोन होते आणि नादियाचे नाव झाले ते त्याच वाडिया मूव्हीटोनच्या चित्रपटांतून. एकाच पानावर दोन्ही मजकूर छापून हा दुवा कोणालाच दिसू नये, याचे वाईट वाटले. येत्या रविवारी तिचा खरा फोटो आणि ‘डमी’ या शब्दाची दुरुस्ती, दोन्ही छापावे ही विनंती. दुरुस्ती चार ओळींत कोपऱ्यात नको, लेख होता त्याच पानावर हवी.

आपला,
एक वाचक, मुंबई