चिठ्ठी काढणाऱ्यांचंही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावरचा युबिक्विटिनवरचा, म्हणजे पेशीत मोडीत काढायच्या प्रथिनांना चिठ्ठीसारखं चिकटणाऱ्या छोट्या प्रथिनावरचा, लेख वाचला. २००४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचं, म्हणजे चिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांचं काम मराठीत इतकं सोपं करून आलेलं पाहून आनंद झाला. मी तासगावला बी.एस्सी.ला शिकवते, म्हणून हा आनंद जरा जास्तच. पण ‘चिठ्ठी लागली की त्या प्रथिनाचं मरण ठरलेलंच’ हे लेखातलं वाक्य मात्र खटकलं.

लेख वर्गात वाचून दाखवला तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, चिठ्ठी चुकून लागली तर?" तिच्या घरचं बेदाण्याचं शेड आहे. निवडणीत बाजूला पडलेला माल तिची आई पुन्हा एकदा परातीत घेऊन हाताने निवडते, आणि त्यातून चांगला बेदाणा निघतोच, असं ती म्हणाली.

पेशीत नेमकं हेच काम करणारी विकरं आहेत. त्यांना डीयुबिक्विटिनेज म्हणतात. माणसात ती शंभरच्या आसपास आहेत आणि त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या यूएसपी कुळातली. बहुतेक सगळी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर चिठ्ठीचा बंध तोडतात. एका कुळाला मात्र त्यासाठी जस्त लागतं. चिठ्ठी निघाली की प्रथिन वाचतं. आणि प्रथिन खरोखरच मोडीत निघायचं असेल, तरी प्रोटिएसोमच्या, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या पेशीतल्या यंत्रणेच्या, तोंडाशी बसलेलं विकर युबिक्विटिन आधी सोडवून घेतं. ७६ अमिनो आम्लांचा तो तुकडा पुन्हा वापरात येतो. माल गेला तरी बारदान परत, हे मार्केट यार्डाच्या गावात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय प्रत्येक चिठ्ठी नाशाची नसते. युबिक्विटिनच्या काही साखळ्या म्हणजे नुसते निरोप असतात. सीवायएलडी हे विकर दाह चेतवणाऱ्या अशाच साखळ्या तोडतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की डोक्याच्या त्वचेवर गाठी येतात. बीएपी१ हे चिठ्ठी काढणारं दुसरं विकर जन्मतः सदोष असेल तर डोळ्यातल्या आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. यूएसपी७ची गोष्ट तर मुलांना फार आवडते. कर्करोगाला आवर घालणारं पी५३ हे प्रथिन आणि त्याच पी५३ला चिठ्ठी लावणारं एमडीएम२, या दोघांनाही ते वाचवतं. म्हणून यूएसपी७ला अडवलं की एमडीएम२ आधी ढासळतं आणि पी५३ वाढतं. याच धाग्यावर औषधांचा शोध चालू आहे.

लेखातला हा अर्धा भाग राहून गेला आहे. आपल्या वाचकांत बारावीची आणि बी.एस्सी.ची मुलं पुष्कळ आहेत. मराठीत त्यांना हे दुसरीकडे सहज वाचायला मिळत नाही. कृपया दुसरा लेख छापावा. मजकूर तपासून हवा असेल तर मी आनंदाने देईन.

आपली,
एक शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)