मेरोपेनेमपुढे नुसते ‘आर’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयातल्या ‘सुपरबग’च्या बातम्यांत एक वाक्य हमखास आढळते: ‘रुग्णाच्या शरीराला प्रतिजैविकांची सवय झाल्यामुळे औषधे लागू पडेनाशी झाली.’ हे चूक आहे. दाद देत नाही तो जिवाणू, शरीर नव्हे. आणि तो दाद का देत नाही, याचे कारण दर रुग्णात वेगळे असू शकते. ते कारण शोधायची एक स्वस्त चाचणी इंदूरमधल्या कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून तपासणे) करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला जमण्यासारखी आहे. तरी अनेक रिपोर्टांत मेरोपेनेम या राखीव प्रतिजैविकापुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा) हे एक अक्षर लिहून विषय संपतो. पुढचे औषध ठरते ते मात्र त्या कारणावरून.

पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंत सगळ्या बीटा-लॅक्टम औषधांच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जिवाणू आपली भित्तिका सांधताना डी-अ‍ॅलानिन–डी-अ‍ॅलानिन हे पेप्टाइडचे टोक वापरतो, आणि औषधाचा आकार त्या टोकाशी मिळताजुळता असतो. सांधणारे प्रथिन (पीबीपी) फसून औषधाला धरते, औषध त्याच्यातल्या सेरिन या अमिनो आम्लाला घट्ट चिकटते आणि प्रथिन निकामी होते. भित्तिका अर्धवट राहते व वाढता जिवाणू फुटतो.

ही औषधे मोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज या जिवाणूच्या विकरातही (एन्झाइममध्येही) पकड तीच असते, सेरिनही असते. फरक एवढाच, की तिथे पाण्याचा एक रेणू मोक्याच्या जागी बसवलेला असतो. तो औषधाचा बंध तोडतो आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. टेम-१ हे जुने विकर सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलिनचे रेणू कापते. अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडणारे विकर १९४० साली नोंदवले, म्हणजे पेनिसिलिनचे उपचार सुरू होण्याच्याही आधी. जिवाणूंकडे हे हत्यार आपल्या औषधांमुळे नव्याने आलेले नाही. आपण औषधांचा मारा करून ते बाळगणाऱ्यांची निवड करत आलो.

मेरोपेनेम ज्या गटातले, त्या कार्बापेनेमची बाजूची साखळी त्या पाण्याच्या रेणूला नीट काम करू देत नाही, म्हणून सीटीएक्स-एम-१५ सारखी ईएसबीएल विकरे (बहुतेक पेनिसिलिने व सेफॅलोस्पोरिने मोडणारी) त्याला मोडू शकत नाहीत. केपीसी आणि ऑक्सा-४८ या विकरांनी सेरिन ठेवूनच ही अडचण ओलांडली. कार्बापेनेम मोडणाऱ्या विकरांना कार्बापेनेमेज म्हणतात. एनडीएमची तऱ्हा निराळी. २००९ साली वर्णन झालेल्या या विकरात सेरिनची पकडच नाही. जस्ताचे दोन आयन पाण्याला थेट कामाला लावतात आणि कडे फोडतात.

उपचारातला सगळा फरक इथे पडतो. अ‍ॅविबॅक्टम हे निरोधक (विकराला अडवणारे औषध) सेरिनला चिकटून काम करते. ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम चालते. एनडीएम असेल तर तेच इंजेक्शन, दिवसाला हजारो रुपये मोजूनही, एकट्याने काही करत नाही. अ‍ॅझ्ट्रिओनाम हे दुसरे बीटा-लॅक्टम एनडीएमला मोडता येत नाही. पण एनडीएमवाल्या जिवाणूकडे बहुधा सीटीएक्स-एमही असते आणि ते अ‍ॅझ्ट्रिओनाम मोडते. म्हणून सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम बरोबर देतात: अ‍ॅविबॅक्टम सीटीएक्स-एमला अडवते आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम भित्तिकेपर्यंत पोहोचते. यालाही एक अपवाद आहे, आणि तो भारतातल्या प्रयोगशाळांनी ध्यानात ठेवायलाच हवा. ई. कोलायच्या काही वाणांत पीबीपी-३ या प्रथिनात चार अमिनो आम्ले जादा घुसलेली असतात, त्यामुळे अ‍ॅझ्ट्रिओनाम तिथे नीट बसत नाही आणि ही जोडी तोकडी पडते.

आता चाचणी. नाव एमसीआयएम, तिच्या जोडीला ईसीआयएम. जिवाणूने डिस्कमधले मेरोपेनेम मोडले का, हे ती दाखवते: डिस्कभोवतीचा वाढ नसलेला भाग (झोन) लहान, म्हणजे औषध मोडले. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथच्या दोन नळ्या घ्याव्यात. दुसरीत, म्हणजे ईसीआयएमच्या नळीत, ०.५ मोलर ईडीटीए २० मायक्रोलिटर टाकावे. दोन्हींत रात्रभर वाढलेल्या क्लेबसिएला किंवा ई. कोलायची १ मायक्रोलिटरची भरलेली लूप घोळावी. स्यूडोमोनास असेल तर फक्त पहिली नळी आणि १० मायक्रोलिटरची लूप. १० ते १५ सेकंद व्होर्टेक्सवर घुसळून प्रत्येक नळीत १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क पूर्ण बुडेल अशी टाकावी आणि ३५ अंशांवर ४ तास ठेवावी. वेळ भरत आली की म्युलर-हिंटन प्लेटवर ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या औषधाला दाद देणाऱ्या प्रमाणित वाणाचा ०.५ मॅकफारलंडचा (ठरावीक गढूळपणाचा) थर द्यावा, ३ ते १० मिनिटे सुकू द्यावा आणि मगच दोन्ही डिस्क त्यावर ठेवाव्यात. डिस्क काढताना लूप नळीच्या कडेला दाबून जादा द्रव निथळवावा. ओली डिस्क ठेवली तर झोन पसरट होतो आणि वाचता येत नाही.

१८ ते २४ तासांनी झोन मोजायचा. ६ ते १५ मिमी म्हणजे कार्बापेनेमेज आहे. १६ ते १८ मिमीच्या झोनमध्ये टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसल्या तरी उत्तर तेच. वसाहती नसतील तर निकाल अनिश्चित, चाचणी पुन्हा करावी. १९ मिमी किंवा जास्त, झोन स्वच्छ, म्हणजे कार्बापेनेमेज नाही. पहिली पॉझिटिव्ह आल्यावरच ईडीटीएवाली वाचायची: तिचा झोन ५ मिमी किंवा अधिक वाढला तर विकर जस्तावर चालणारे, कारण ईडीटीए जस्त ओढून घेते. आपल्याकडे हे बहुधा एनडीएम. एवढ्या चाचणीला डिस्क, ब्रॉथ आणि एक प्लेट लागते, वेगळे महागडे यंत्र लागत नाही.

चुका होतात त्या ठरावीक जागी. चार तासांऐवजी अडीच-तीन तासांत डिस्क काढली की औषध पुरते मोडलेले नसते आणि खोटे निगेटिव्ह येते. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर असताना वीज गेली, फ्रिज तापला, किंवा डिस्कची कार्ट्रिज टेबलावर राहिली तर मेरोपेनेमचा जोर डिस्कमध्येच उतरतो. मग झोन आपोआप लहान दिसतो आणि खोटे पॉझिटिव्ह हाती येते. म्हणून न उघडलेला साठा उणे २० अंशांवर ठेवावा. दर खेपेला माहितीचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वाण सोबत लावावा. ई. कोलाय २५९२२ वर मेरोपेनेमच्या नव्या डिस्कचा झोन २८ मिमीच्या खाली गेला तर ती कार्ट्रिज टाकून द्यावी, मग पुरवठादार दवा बाजारातला कितीही जुना असो. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी ही चाचणी वापरू नये, तिथे ती भरवशाची नाही.

एनडीएम आणि ऑक्सा-४८ एकाच जिवाणूत असतील तर मात्र ईडीटीएची नळी फसवते: जस्तवाले विकर थांबते, सेरिनवाले काम चालू ठेवते, झोन वाढत नाही. भारतात ही जोडी विरळा नाही. त्यामुळे एमसीआयएम पॉझिटिव्ह आणि ईसीआयएम निगेटिव्ह आली तर ‘एनडीएम नाही’ असे लिहू नये. एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी, व्हीआयएम आणि आयएमपी ही पाच विकरे १५ मिनिटांत ओळखणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या महाग आहेत, पण नेमक्या अशा रुग्णासाठी वापरल्या तर महाग म्हणता येणार नाहीत.

मेरोपेनेमला ‘आर’ आणि एमसीआयएम निगेटिव्ह, असेही घडते. क्लेबसिएलाच्या बाहेरच्या पडद्यात औषध आत येण्याची ओएमपीके-३५ आणि ३६ ही छिद्रे असतात. ती नाहीशी झाली आणि सोबत ईएसबीएल असले की थोडेच औषध आत शिरते आणि तेवढे संपवायला साधे विकरही पुरते. हा बदल गुणसूत्रातला असतो, म्हणून तो सहसा त्याच वाणापुरता राहतो. एनडीएमचे जनुक मात्र प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) असते, शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूतही जाते, आणि त्याच प्लाझ्मिडवर अनेकदा अमिकासिन हे वेगळ्या गटातले प्रतिजैविक निष्प्रभ करणारे आरएमटीबी किंवा आर्मए हे जनुकही असते. वॉर्डात कोणाला वेगळे ठेवायची घाई करायची, तेही यावरूनच ठरते.

कोलिस्टिन या शेवटच्या राखीव प्रतिजैविकाबद्दल एकच गोष्ट. हे औषध जिवाणूच्या बाह्य पडद्यातल्या लिपिड-ए वरच्या ऋण भाराला चिकटते. जिवाणू तिथे फॉस्फोएथेनॉलअमीन जोडून भार कमी करतो. २०१५ साली चीनमधून जाहीर झालेले एमसीआर-१ हे जनुक हेच करते. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून डिस्कचा झोन मोजून दिलेला कोलिस्टिनचा रिपोर्ट निरर्थक असतो. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (ब्रॉथमध्ये औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने बदलून तपासणे) करावे, नाहीतर तो रकाना कोरा ठेवावा. २०१९ साली केंद्र सरकारने कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली, ती योग्यच होती.

शहरातल्या रुग्णालयांकडे आमची मागणी दोन गोष्टींची आहे. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या क्लेबसिएला आणि ई. कोलायच्या प्रत्येक रिपोर्टखाली विकराची ओळ असावी. आणि वर्षातून एकदा अँटीबायोग्राम (कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो, याचा तक्ता) जाहीर व्हावा: एका रुग्णाचा पहिलाच जिवाणू धरून, एका जातीचे किमान ३० नमुने असतील तरच, आणि आयसीयूचे आकडे वॉर्डापासून वेगळे. एकाच रुग्णाची पाच कल्चरे पाच वेळा मोजली तर आकडा फुगतो आणि डॉक्टर विनाकारण वरचे औषध सुरू करतात. आपल्या दैनिकाने असे तक्ते छापावेत, आम्ही वाचायला व तपासून द्यायला तयार आहोत.

नातेवाइकांसाठी: रक्ताचे कल्चर शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस जाण्याआधी घेतले गेले का, आणि मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त गेले का, हे विचारावे. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवताना डिस्चार्ज कार्डासोबत कल्चरचा मूळ रिपोर्टही घ्यावा आणि तो दाखल करतानाच दाखवावा, म्हणजे तिथे पहिल्या दिवसापासून वेगळी खाट देता येते.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक,
राजेंद्र नगर, इंदूर