तिसरा ‘ना’ कुणी जोडला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जांघेतून नळी (कॅथेटर) नेऊन, नुसत्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) एका चिमुरडीच्या हृदयातले छिद्र बटणासारख्या झाकणाने बुजवल्याची ‘ना टाका, ना क्ष-किरण, ना धोका’ ही कालची बातमी वाचली. पहिले दोन ‘ना’ कबूल. तिसरा बातमीदाराचा की रुग्णालयाच्या जनसंपर्क खात्याचा? क्ष-किरणांविना केलेल्या उपचाराच्या बातमीला छायाचित्र कसले, तर सी-आर्म (क्ष-किरण यंत्र) आणि शिशाचे एप्रन घातलेली मंडळी! धन्य.

‘छिद्रामुळे बाळ निळे पडते’ हेही चूक. एएसडीत, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या (कर्णिकांमधल्या) पडद्याला छिद्र असताना, रक्त डावीकडून उजवीकडे जाते. मूल निळे पडत नाही, हृदयाची उजवी बाजू फुगते. बहुतेक मुलांना तर काही त्रासही जाणवत नाही.

छिद्राचे माप छापलेत, काठाचे नाही. बटणाच्या दोन चकत्या छिद्राच्या काठालाच धरून बसतात. त्यासाठी साधारण ५ मिमी काठ लागतो. महाधमनीकडचा तोकडा असला तर निभावते. खालच्या महाशिरेकडचा नसेल तर बटण निसटते, आणि अन्ननलिकेतल्या इकोच्या प्रोबने नेमका तोच नीट दिसत नाही. लहान मुलात छातीच्या हाडाखाली, पोटावर प्रोब टेकवला की बरा दिसतो. पाहणाऱ्याने तेवढे कष्ट घ्यायला हवेत.

नुसत्या इकोवर काम करताना खरी फसगत कॅथेटरच्या टोकाची. इको एक पातळ काप दाखवतो. तो काप कॅथेटरच्या मधूनच गेला तर दांडाच टोक वाटतो आणि खरे टोक पुढे डाव्या कर्णिकेच्या पातळ भिंतीला टेकलेले असते. म्हणून जांघेतल्या टोचण्याच्या जागेपासून छातीच्या उजवीकडे तिसऱ्या-चौथ्या बरगडीमधल्या फटीपर्यंतचे अंतर आधी बाहेरून मोजून कॅथेटरवर खूण करतात. छिद्राचे माप घ्यायला त्यात फुगवायचा फुगाही रंगीत डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या इकोवर) छिद्रातला प्रवाह थांबला की तिथेच थांबवायचा. आणखी ताणला की माप वाढते, बटण मोठे निवडले जाते आणि महाधमनीच्या भिंतीवर घासत राहते. हे घासणे कधीकधी काही वर्षांनी उघडकीस येते. कॅथेटरमधून सोडण्यापूर्वी बटण पुढे-मागे हलवून पाहतात. जागचे निसटले तर परत कॅथेटरमध्ये ओढता येते, एकदा सोडल्यावर निसटले की तारेचा फास टाकून पकडावे लागते किंवा छाती उघडावी लागते.

‘दुसऱ्या दिवशी घरी’ खरे आहे. पण निघण्याआधीचा इको, त्यानंतर साधारण सहा महिने ॲस्पिरिन आणि तेवढाच काळ दातांच्या कामाआधी प्रतिजैविक, याला एक ओळ मिळाली नाही. खर्चाचा आकडा मात्र ठळक! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुलांचे हे उपचार मोफत होऊ शकतात, हे सांगायला काय हरकत होती?

जाता जाता, त्या चिमुरडीचे पूर्ण नाव, गाव आणि नळ्या लावलेला चेहरा छापायची गरज नव्हती. तिच्या फोटोखाली त्याच रुग्णालयाची पाव पान जाहिरात तर मुळीच नको होती.

निदान सी-आर्मच्या छायाचित्राचा खुलासा उद्याच्या अंकात यावा.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज