टोनी टॉडवर अर्धं पान तरी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पुरवणीत 'फायनल डेस्टिनेशन ब्लडलाइन्स' या हॉररपटावर लिहून आलं, कोण कसं मरतं ते सगळं सविस्तर होतं पण त्यातल्या टोनी टॉड या अमेरिकन नटाचं नाव कुठेच नाही, राहवलं नाही म्हणून लिहितोय.

२००० साली आलेल्या या मालिकेतल्या पहिल्या पिक्चरमधला मुडदाघरातला तो उंचापुरा, खर्जातल्या आवाजाचा माणूस आठवतो ना, तोच. 'ब्लडलाइन्स'च्या वेळी तो खूप आजारी होता, डायरेक्टरांना ते माहीत होतं, म्हणून निरोपाच्या सीनमधे काय बोलायचं हे त्यांनी त्याच्यावरच सोडलं. आणि तो काय बोलला, तर आयुष्य मोलाचं आहे, जगून घ्या. ६ नोव्हेंबर २०२४ ला तो गेला, ६९ वर्षांचा होता, पिक्चर आला २०२५ च्या मे मधे. म्हणजे पडद्यावर निरोप घेऊन निघून जाणारा माणूस खरंच गेलेला होता, मला थिएटरात अक्षरशः भरून आलं.

लोक त्याला 'कँडीमॅन' म्हणूनच ओळखतात. १९९२ चा पिक्चर, शिकागोच्या कॅब्रिनी ग्रीन वस्तीतला, त्यात मधमाश्या खऱ्या होत्या, तोंडातसुद्धा! प्रत्येक डंखाला हजार डॉलर असं त्याने आधीच ठरवून घेतलं होतं आणि २३ डंख खाल्ले. हा किस्सा सगळे सांगतात पण खरी गोष्ट ही की कँडीमॅन हे भूत म्हणजे गुलामाचा चित्रकार मुलगा, गोऱ्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावाने हाल करून मारलेला, आणि टॉडने त्याला राक्षस न करता दुखावलेला माणूस केलं, म्हणून भीती वाटते आणि वाईटही वाटतं.

त्याचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते टीव्हीवरचं आहे. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या मालिकेत वॉर्फ या पात्राचा भाऊ कर्न तर तो होताच, पण त्याच घराण्यातल्या 'डीप स्पेस नाईन' मालिकेचा १९९५ मधला 'द व्हिजिटर' हा एपिसोड बघा. अपघातात हरवलेला बाप अधूनमधून काही क्षण समोर येतो आणि नाहीसा होतो, मुलगा लिखाण संसार सगळं सोडून त्याला परत आणायच्या मागे लागतो, म्हातारा होतो. तो मोठा झालेला आणि मग म्हातारा मुलगा टॉडने केलाय. ज्या आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं ती त्याच सुमाराला वारली होती, ते दुःख त्याच्या डोळ्यांत दिसतं. मी माझे वडील गेल्यावर तो परत पाहिला, अर्ध्यातच बंद करावा लागला.

मूळचा तो स्टेजचाच माणूस, ऑगस्ट विल्सन या नाटककाराचं 'किंग हेडली द सेकंड' हे नाटक अमेरिकेत पिट्सबर्गला पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा त्यातली किंग हेडलीची मुख्य भूमिका त्याची होती. पण एकदा हॉररवाला असा शिक्का बसला की बाकीचं कोणी मोजतच नाही, आणि आपल्याकडे तर भुताच्या पिक्चरमधे काम करणाऱ्याला नट म्हणायलाच लोक तयार नसतात.

नोव्हेंबरात त्याची पुण्यतिथी येईल तेव्हा रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, आणि त्यात 'द व्हिजिटर'बद्दल नक्की लिहा ही विनंती.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सांगली