तुझे रक्त का नाकारले, त्याविषयी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

हिपॅटायटिस बीची (यकृताला बाधा करणाऱ्या विषाणूची) चाचणी निगेटिव्ह असूनही यापुढे रक्तदान करू नये असे रक्तपेढीने तुला दोन ओळींत कळवले, याचा तुला आलेला राग मला समजतो. इतकी वर्षे दात्यांचे नमुने तपासूनही, हे कुणाला सांगताना मी अजून अवघडतो.

निगेटिव्ह आली ती एचबीएसएजी चाचणी, म्हणजे विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचा शोध. बरूच ब्लम्बर्ग यांना हे प्रथिन १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात आढळले, १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि रक्त चढवल्यामुळे होणारी कावीळ या चाचणीने पुष्कळ घटली. परंतु आवरण दिसत नाही म्हणून विषाणूही नाही, असे म्हणता येत नाही. त्याचा डीएनए यकृतपेशींच्या केंद्रकात वर्तुळाकार रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते, किंवा क्वचित उत्परिवर्तनाने प्रथिनाची घडणच अशी बदलते की चाचणीला ते ओळखू येत नाही. या सुप्त संसर्गात रक्तातील डीएनए बहुधा मिलिलिटरमागे २०० आंतरराष्ट्रीय एककांहून कमी असतो, आणि तोही कधी सापडतो, कधी नाही.

तुझ्या रक्तात आढळले ते कोअर प्रतिपिंड, म्हणजे विषाणूच्या आतील गाभ्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने. लशीत केवळ आवरणाचे प्रथिन असल्यामुळे ते लशीने तयार होत नाहीत. म्हणजे विषाणू केव्हातरी तुझ्या शरीरात येऊन गेला असावा. (चाचणी कधीकधी खोटीही बोलते, हे विसरू नकोस.) तू आजारी आहेस, असा याचा अर्थ नव्हे.

डीएनए थेट शोधणारी नॅट चाचणी असताना एवढी सावधगिरी कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. अनेक दात्यांचे नमुने एकत्र मिसळून ती केली, तर एखाद्याचा अत्यल्प डीएनए विरळ होऊन निसटतो. नमुना स्वतंत्र तपासला तरी तिची मर्यादा उरतेच. शिवाय लाल पेशींच्या पिशवीत प्लाझ्मा (विषाणू ज्यात असतो तो रक्तातील द्रव) जेमतेम २० मिलिलिटर असतो, प्लाझ्माच्या पिशवीत सुमारे २००. त्यामुळे एकाच दात्याच्या लाल पेशी निर्धोक ठरून प्लाझ्मा मात्र बाधक ठरू शकतो, आणि घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर धोका आणखी वाढतो.

जपानने १९८९ पासून दात्यांची कोअर चाचणी सुरू केली. पण जिथे प्रौढांपैकी बऱ्याच जणांत हे प्रतिपिंड असतात, तिथे अशा सर्वांना नाकारल्यास रक्तपेढ्या कोरड्या पडतील. अशा ठिकाणी प्रत्येक नमुन्याची स्वतंत्र नॅट चाचणी करणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

तू यकृततज्ज्ञाला दाखव आणि डीएनएची चाचणी करून घे. पुढे कधी केमोथेरपी किंवा रिटक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेण्याची वेळ आली, तर उपचारांआधी हा अहवाल डॉक्टरांपुढे ठेव, कारण दबलेला विषाणू तेव्हा उसळू शकतो. अहवालात सरफेस प्रतिपिंडांचा (आवरणाच्या प्रथिनाविरुद्धच्या, संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांचा) आकडा आहे का, तेही पाहून कळव. तो चांगला असेल, तर तुझ्या रक्तातून बाधा होण्याची शक्यता बरीच कमी होती असे मला म्हणता येईल.

तुझा,
माधव