मैदान, दवाखाना आणि जोडरस्ता वाचवण्यासाठी सर्व रहिवाशांना आग्रहाचे आवाहन

सन्माननीय रहिवासी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागाच्या सुधारित विकास आराखड्याचे, म्हणजे कोणती जागा कोणत्या वापरासाठी राखायची हे ठरवणाऱ्या योजनेचे, प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध झाले असून त्यावर हरकती व सूचना दाखल करण्याची मुदत सुरू झालेली आहे. आपणांपैकी काहींना हे ठाऊक असेल, बहुतेकांना मात्र ते या पत्रावरूनच कळत असणार. जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत आली आणि नकाशे कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, जिना चढणे ज्येष्ठांना अवघड जाईल अशा ठिकाणी लावले गेले. आपल्या रहिवासी समितीच्या तिघा सदस्यांनी आपापल्या कामावर रजा टाकून, दोन दिवस तेथे उभे राहून आपल्या भागाचा नकाशा (भाग नकाशा) उतरवून घेतला. मैदानाची पूर्वेकडील पट्टी आरक्षणाबाहेर गेली आहे, दवाखाना व प्रसूतिगृह यांसाठी राखलेला भूखंड निवासी वापरात दाखवला आहे आणि शाळेमागून मुख्य रस्त्याला मिळणारा जोडरस्ता नकाशावर उरलेलाच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्याची फेरतपासणी वीस वर्षांतून किमान एकदा व्हावी लागते. तेव्हा आज नकाशावर जे राहील तेच आपल्या घरातील पहिलीत जाणारे मूल नोकरीला लागेपर्यंत राहील, असे समजून चालावे लागेल.

या तीन जागांसाठी समितीने आजवर काय केले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. परंतु नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबांची संख्या आता मोठी आहे आणि त्यांना मैदान हे आपोआप मिळालेले मैदान वाटते. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मैदानाची जागा मुळात खासगी मालकीची. जुन्या आराखड्यात तिच्यावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण पडले. पण आरक्षण पडणे आणि जागा ताब्यात येणे यांत किती अंतर असते, हे आपण त्या निमित्ताने शिकलो. अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जागामालक खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. जागामालकांनी ही सूचना दिली होती. त्यात त्यांचे काही चुकले असे समितीने कधीही म्हटले नाही. स्वतःच्या जमिनीचा वापरही नाही आणि मोबदलाही नाही, अशा स्थितीत इतकी वर्षे काढणाऱ्याने कायद्याचा आधार घेतला, एवढेच. चुकले ते हे, की ती सूचना आवक नोंदवहीत चढल्यानंतर एका टेबलावर पडून राहिली आणि महिने उलटत गेले.

हे उघडकीस आले ते आपल्या सर्वेअरकाकांमुळे. भूमी अभिलेखातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी विश्रांती घ्यावी, असे त्यांच्या घरच्यांना वाटत होते. काकांनी मात्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून संबंधित नस्तीची, म्हणजे फाइलची, प्रत्यक्ष पाहणी मागितली. कायद्याने नागरिकाला केवळ प्रती मागण्याचा नव्हे, तर दप्तर उघडून पाहण्याचाही अधिकार दिलेला आहे, हे आमच्यापैकी कोणालाही तोवर माहीत नव्हते. नस्तीत खरेदी सूचनेची तारीख सापडली, शिल्लक महिने मोजले गेले आणि त्याच रात्री काकांच्या घरी समितीची तातडीची बैठक झाली. पुढील पाठपुराव्यात किती पत्रे गेली, किती वेळा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून परत यावे लागले, त्याची नोंद समितीच्या वहीत आहे. अखेर मुदतीच्या आत संपादनाचा प्रस्ताव मार्गी लागला, जागामालकांनी मोबदला हस्तांतरणीय विकास हक्कांच्या, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करता येणाऱ्या किंवा विकता येणाऱ्या टीडीआरच्या रूपात स्वीकारला आणि मैदानाचा मोठा भाग सार्वजनिक मालकीचा झाला. पूर्वेकडील पट्टीचे काम तेवढे बाकी राहिले होते, आणि नव्या प्रारूपात नेमकी तीच पट्टी वगळली गेली आहे. आज काका आपल्यात नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने आखलेला, रंगीत पेन्सिलीने भरलेला मैदानाचा नकाशा समितीच्या कपाटात जपून ठेवला आहे. या वेळच्या हरकतीला आम्ही त्याचीच प्रत जोडणार आहोत.

मुख्याध्यापिकाबाईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळेमागच्या जोडरस्त्याची मागणी मान्य झाली ती त्यांच्या मोजणीमुळे. शाळा सुटण्याच्या वेळी मुख्य चौकातून किती मुले रस्ता ओलांडतात, त्यांतील किती एकटी असतात आणि किती वाहने त्यांच्यासाठी थांबतात, याची नोंद बाईंनी पालकांच्या मदतीने सलग आठवडाभर ठेवली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी अपेक्षिलेली आहे. बाईंनी टेप घेऊन पदपथ जागोजागी मोजला आणि विजेचे खांब, फलक, उभ्या दुचाक्या यांतून प्रत्यक्षात किती रुंदी उरते ते तक्त्यात लिहिले. आधी पाहणी करावी आणि मग आखणी, हे सूत्र स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१४ साली भारतात आल्यानंतर इथल्या अनेक शहरांत फिरून सांगितले होते. आपल्या बाईंनी ते एका टेपने आणि एका वहीने करून दाखवले. त्या तक्त्यापुढे अधिकाऱ्यांचा स्वर बदलला, हे आम्ही समक्ष पाहिले आहे.

देणगीदारांचेही ऋण मोठे आहे. समितीच्या पावतीपुस्तकाची पहिली पावती फाडली गेली ती कोपऱ्यावरच्या बैठ्या घरातील आजींच्या नावे, निवृत्तिवेतनाच्या पहिल्या तारखेला, आणि पुढे प्रत्येक वर्षी त्याच तारखेला त्या स्वतः चालत येऊन देणगी देत राहिल्या. आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ मैदानाच्या कुंपणाचा खर्च उचलणाऱ्या दांपत्याने नावाची पाटी लावू दिली नाही, म्हणून येथेही त्यांचे नाव लिहीत नाही. पण संध्याकाळी त्या कुंपणाआड खेळणाऱ्या मुलांकडे पाहताना त्यांची आठवण होते. टंकलेखन करून देणाऱ्या भगिनी, अहवालाची बांधणी रात्री जागून करणारे दोघे विद्यार्थी, न्यायालयीन सल्ला विनामूल्य देणारे वकीलसाहेब, या सर्वांच्या पाठबळावर समिती उभी आहे. निवडणुकीतील उमेदवार आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याकडून देणगी न घेण्याचा ठराव पहिल्याच सर्वसाधारण सभेत झाला होता. तो आजवर एकदाही मोडलेला नाही, याचा आम्हांला अभिमान आहे.

आता मनातले एक लिहितो, त्याबद्दल राग मानू नये. प्रारूपाची माहिती देण्यासाठी समितीने मागील पंधरवड्यात सभा बोलावली होती. प्रत्येक दारात सूचनापत्र टाकले होते, नकाशा मोठा करून भिंतीवर लावला होता. मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्याही भरल्या नाहीत. याउलट, मागे रस्ता खोदला गेला त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत कार्यकारिणीच्या सदस्यांना फोन येत होते आणि त्यांतील कित्येकांचा प्रश्न एकच होता, ‘तुमची समिती काय करते आहे?’ यातील ‘तुमची’ हा शब्द फार लागला. समितीत एकही पगारी माणूस नाही. आहेत ते नोकरी, घर, आजारपण सांभाळून कार्यालयांचे उंबरठे झिजवणारे आपलेच शेजारी, आणि त्यांची संख्या दरवर्षी कमी होत चालली आहे.

आराखडा वरच ठरतो, आपल्या अर्जाने काय होणार, असेही पुष्कळांकडून ऐकू येते. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नागरिकांच्या हरकतींचा एवढा पाऊस पडला, की तो मागे घेऊन नव्याने करण्याचे आदेश शासनाला द्यावे लागले. बंगळूरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिले नाही. त्या निकालात रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्कही मान्य झाला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजनाचा समावेश बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, अगदी पहिल्या क्रमांकावर केला आहे. ही घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. नियोजन हा आपल्या दाराशी असलेल्या संस्थेचा विषय असेल, तर आपण त्या संस्थेच्या दारात जाण्यास संकोच का करावा?

हरकत मुदतीत न गेल्यास सुनावणीच्या वेळी हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीसमोर उभे राहण्याचा आपला आधारच निसटतो. मागाहून फेरबदल करून घेण्याचा मार्ग कायद्यात आहे, परंतु तो लांबचा, खर्चिक आणि शासनाच्या मंजुरीवर अवलंबून असलेला आहे.

म्हणून प्रत्येक घरातून निदान एक स्वतंत्र लेखी हरकत जावी, ही पहिली विनंती. एकाच मजकुराखाली शेकडो सह्या घेण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत आपली अडचण लिहिलेली बरी, असा आमचा अनुभव आहे. हरकतीत भाग नकाशाचा व आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे नंबर, आपला आक्षेप, त्याचे कारण आणि नेमका कोणता बदल हवा ते लिहावे, सुनावणीस उपस्थित राहू इच्छितो असे शेवटी नमूद करावे, दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. क्रमांकांचा तक्ता समितीच्या सूचना फलकावर लावला आहे; लिहिण्यास अडचण असेल त्यांच्यासाठी मुदत संपेपर्यंत रोज संध्याकाळी वाचनालयात दोन सदस्य बसतील. दवाखान्याच्या हरकतीसाठी घरोघरी वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांची गणना करावयाची आहे, तीसाठी प्रत्येक इमारतीतून दोघांनी आपली नावे द्यावीत. निधी हवा आहे तो नकाशांच्या व अभिलेखांच्या प्रमाणित प्रती, नगररचना तज्ज्ञाचा अहवाल, छपाई आणि वेळ पडल्यास न्यायालयीन खर्च यांसाठी. रक्कम यथाशक्ती, शक्यतो धनादेशाने किंवा थेट समितीच्या खात्यात भरावी, खात्याचा तपशील सूचना फलकावर व पावतीपुस्तकाच्या मलपृष्ठावर आहे, रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याखेरीज रक्कम देऊ नये. हिशेब तपासून फलकावर लावला जाईल आणि शिल्लक राहिल्यास ती मैदानाच्या देखभालीस वर्ग होईल. सुनावणीची तारीख समजताच कळवू. त्या दिवशी अर्धा दिवस रजा काढून यावे आणि येताना शिक्का असलेली आपली प्रत बरोबर आणावी.

आपला नम्र,
चिटणीस,
कार्यकारिणीच्या वतीने